शिवेबाहेरचा सामना

रविवार, १५ नोव्हेंबर १९५९

आज देवाने उजवा कौल दिला. यंदा गावपळण. देवदिवाळी उलटली की शुक्रवारी दुपारी ढोल वाजेल. मग तीन रात्री गावात कोणी राहायचे नाही. गुरे, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरे, सगळ्यांनी शीव ओलांडायची आणि गाव देवाच्या हवाली करायचा. चौथ्या दिवशी त्याने पुन्हा कौल दिला तर परत यायचे.

मुंबईत माझ्या मुलाने, सत्यवानने, हे खोलीतल्या सोबत्यांना सांगितले तेव्हा ते म्हणे पोट धरून हसले. तो परत आल्यावर मुंबईची एवढी एकच गोष्ट त्याने मला सांगितली. हसण्यासारखे त्यात काय, ते मला कळले नाही. सामान बाहेर काढल्याशिवाय घर नीट झाडता येत नाही, तसेच गावाचे.

कौलाची पाकळी पडली तेव्हा मलाही बरे वाटले. देवळाच्या पायऱ्या उतरताना तारीख ध्यानात आली. रविवारी सहा डिसेंबरला आपण गावाबाहेर असणार, आणि त्याच रविवारी शाळेमागच्या मैदानावर हेदवळशी हुतुतूचा सामना ठरलेला.

हेदवळ हे व्हाळापलीकडचे, ओढ्याच्या त्या काठचे गाव. तीन वर्षे त्यांच्याकडे जाऊन आम्ही हरून आलो. यंदा सामना पहिल्यांदाच आमच्या दारी. त्यासाठी उन्हाळाभर कातळ फोडून, वर माती घालून मैदान केले. वरच्या वाडीचे आम्ही शेतकरी आणि खालच्या वाडीचे समुद्रातून रापणीचे जाळे ओढणारे, असे दोघे एका कामाला लागलेले मी पालखीच्या भांडणानंतर तिथेच पाहिले. पालखी खालच्या वाडीत थांबायची की नाही यावरून चार वर्षांपूर्वी जे तुटले, ते तुटलेच होते. हुतुतूचे मंडळ काढले ते तेच सांधायला. संघात दोन्ही वाड्यांची पोरे. आता मैदान आहे आणि गाव नाही.

आणखी एक घोर. वडिलांमागून गावाचे गाऱ्हाणे घालण्याचा मान माझ्याकडे आला. गावाच्या वतीने मी देवाशी बोलायचे आणि गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. एकदा गाव तसे म्हणाला की तो शब्द माझा राहत नाही. दसऱ्याला मी ‘हेदवळची मान खाली घाल’ असे मागून बसलो आहे, आणि गावपळणीत आम्ही दर वेळी उतरतो ते हेदवळच्याच माळावर.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

सकाळीच हेदवळला गेलो. गंगाराम आणि मी चौथीपर्यंत एका शाळेत. त्यांच्या संघाचे सगळे तोच बघतो. सामना पुढे ढकलू म्हटले, तर नाही म्हणाला. त्याचा जावई मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचे काम पाहतो. देवदिवाळीला सासरी येतो आहे आणि सोमवारच्या बोटीने परत जाणार. त्यांना चढाई करणारा गडी हवा. जो पसंत पडेल त्याला गिरणीत कायमची नोकरी. आमच्या बाबलीचे नाव त्याच्या कानावर गेले आहे. डोळ्यांनी बघायचे तेवढे राहिले आहे.

बाबली खालच्या वाडीचा, काशीबाईचा मुलगा. बाप नाही. दुसऱ्यांच्या रापणीवर ओढायला जातो आणि पावसाळ्यात रिकामा बसतो. त्याच्यासारखा दम मी या टापूत पाहिलेला नाही.

गंगाराम म्हणाला, माळावर उतरणारच आहात तर तिथेच खेळू, जागा सारवून देतो. मी म्हटले, ज्यांचे पाणी प्यायचे त्यांच्याशी झगडायचे कसे? त्यावर तो हसला.

“पाणी विहिरीचा, दाजी. विहीर काय आमच्या संघातसून खेळणा नाय.”

सगळेच हसले. मीही हसलो, पण व्हाळ ओलांडताना ते हसू राहिले नाही. संध्याकाळी पोरांना जमवून म्हटले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी आपल्या मैदानावर खेळू. धोंडू लगेच हो म्हणाला; तो वरच्या वाडीचा, माझ्या शब्दाबाहेर जात नाही. बाबली पायाच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढत होता आणि पुसत होता.

शेवटी सत्यवान म्हणाला, “बाबा, खेळाक व्हया.” माझ्याशी बोलत होता, पण बघत होता बाबलीकडे.

मग मीही हो म्हटले.

शनिवार, २१ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी मैदानावर जातो. पोरांची साखळी अजून जमत नाही. हेदवळचा गडी चढाईला आला की आमच्या सातांनी हातात हात घालून त्याला कोंडायचे. वरच्या वाडीची पोरे एकमेकांचा हात घट्ट धरतात. खालच्या वाडीचा हात आला की बोटे नुसती टेकवतात. साखळी तुटते ती बरोबर तिथेच. सत्यवान आणि बाबली यांचे तेवढे तुटत नाही.

पाहुण्यांना नव्या पद्धतीचा खेळ लागतो, म्हणून बाबली चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणण्याचा सराव करतो. मध्येच जीभ ‘हुतुतू’वर येते आणि पोरे हसतात. तोही हसतो आणि पुन्हा पहिल्यापासून दम धरतो. आज त्याला बघताना वाटले, याला मुंबई मानवेल का? मुंबई पोरांना गिळते. आमचा सत्यवान शिमग्यानंतर गेला आणि भात लावणीला परत आला. पाणी मानवले नाही म्हणाला. मी अधिक विचारले नाही. गावात मात्र मुलाबद्दल मला अजून विचारतात, “झील परत कधी जातलो?” बाबलीचे जमले तर आणखी विचारतील.

हे शेवटचे वाक्य लिहायला नको होते. असो. पोराचे भले व्हावे असेच मला वाटते.

बुधवार, २५ नोव्हेंबर

पूजेला बसलो तरी मन बसत नाही. फूल वाहताना हात देवाच्या डोक्यावर आणि ध्यान माळावर. दोनदा गंध उगाळले.

दुपारी काशीबाई आली. पालखीच्या भांडणानंतर आमच्या दारापुढच्या खळ्यात ती पहिल्यांदा आली. वर ये म्हटले तरी आली नाही, तुळशीपाशीच उभी राहिली. म्हणाली, शिवेवर गाऱ्हाणे घालाल तेव्हा माझ्या झिलासाठी एक शब्द घाला. मी म्हटले, घालतो. सत्यवानच्या आईने तिला कोकमे दिली. दोघी बराच वेळ कोकमांबद्दलच बोलत राहिल्या. खाली जाताना तिने दोनदा वळून बघितले, मी विसरणार नाही ना म्हणून.

मंगळवार, १ डिसेंबर

देवदिवाळी. जावई आल्याचे कळले. बारीक अंगाचा आहे म्हणे, छत्री घेऊन फिरतो.

माळावर उभारायच्या खोपींसाठी माडाची झापे विणून झाली. तांदूळ, नाचणी, भांडी, पांघरुणे बांधली. सत्यवानच्या आईने विचारले, एवढे अस्वस्थ कसले? पळण काय पहिली आहे? मी म्हटले, सामन्याचे. ती म्हणाली, “सामनो पोरांचो आसा.” 

शुक्रवार, ४ डिसेंबर

ढोल वाजला आणि गाव निघाला. दारे नुसती ओढून घेतली. बैल पुढे, माणसे मागे, टोपल्यांतून कोंबड्या. म्हाताऱ्या दादू सुताराला पोरांनी खाटेसकट उचलले. तो वरून सगळ्यांना सांगत होता, माझी ही शेवटची पळण. गेल्या पळणीलाही हेच म्हणाला होता, याची त्याला सगळ्यांनी आठवण करून दिली.

शिवेवर हेदवळची माणसे पाण्याचे हंडे घेऊन उभी होती. त्यांच्या सीमेच्या देवापुढे नारळ ठेवला आणि मी गाऱ्हाणे घातले. तीन रात्री तुझ्या शिवेत आसरा घेतो आहोत, गुराढोरांची राखण कर, आम्हाला तुझीच लेकरे समज. दर पळणीला घालतो तेच शब्द. गाव मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. तिथेच नारळ वाढवायचा, एवढेच उरले होते. पण हेदवळची पोरे हंडे घेऊन समोर उभी, त्यांत त्यांचा चढाईवाला शंकरही होता, आणि माझ्या तोंडातून निघाले:

“आणि तुझ्या ह्या लेकरांक आमच्या हातान कसलीच इजा होवक देव नको, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळा गाव म्हणाला. आमची सातही पोरे म्हणाली. मी नारळ वाढवला.

हे शब्द ठरवले नव्हते. कुठून आले ठाऊक नाही. देवानेच घातले असतील. हेदवळच्या बायकांना फार आवडले. एक म्हातारी येऊन माझ्या पाया पडली.

खोप उभी करून पाठ टेकली तेव्हा आठवले, काशीबाईचा शब्द राहूनच गेला.

शनिवार, ५ डिसेंबर

माळावर जत्राच आहे. झोपड्या वाडीप्रमाणे बांधायच्या असे ठरवले होते, पण वारा एका बाजूने लागला आणि ज्याला जिथे आडोसा मिळाला तिथे त्याने झाप टेकवले. काशीबाईची चूल आमच्या चुलीला लागून आली आहे. सत्यवानच्या आईने तिच्या कालवणात आपली भाकरी बुडवून खाल्ली. मी ते पाहिले. बायका फुगड्या घालतात, म्हातारे भजन म्हणतात. घराला कुलूप नाही म्हणून कोणाला चिंता नाही. मला मात्र एका जागी बसवत नाही.

सकाळी पोरांचा सराव पाहिला. पोरे एकमेकांना फुलासारखी धरत होती. सत्यवानने विचारले तर धोंडू म्हणाला, “नारळ वाढवलो ना? आपण व्हय म्हटला ना? मगे पकड केली, नि कोणाचा ढोपर फुटला, तर?” दोघे तिघे त्याच्याच बाजूने झाले. एकाने तर सांगितले की अशाच शब्दाबाहेर गेल्याने त्याच्या आजोबांचा बैल मेला होता. दोन वाड्यांची पोरे आजवर कधी एका मताची झाली नव्हती, ती या गोष्टीत झाली.

दुपारी बाबली माझ्या खोपीपाशी आला. बाहेरच बसला, माडाच्या पात्याची हीर मोडत.

“दाजीनू, चढाईत आंग सोडवताना कोणाक लागला, तर ती इजा धरतत?”

मी काय सांगणार? तो शब्द आता माझा नाही. मी म्हटले, देव बघतो. तो ‘बरा’ म्हणाला आणि उठला. हिरीचे तुकडे गोळा करून घेऊन गेला, खोपीपुढे कचरा नको म्हणून.

त्याला काही अधिक सांगता आले असते का, हा विचार करतो आहे. सुचत नाही.

रविवार, ६ डिसेंबर

सगळे ओळीने लिहितो.

ऊन कलल्यावर सामना सुरू झाला. माळाच्या एका अंगाला हेदवळ, दुसऱ्या अंगाला आमचा सबंध गाव. एरवी परगावच्या सामन्याला आमची वीस माणसे जायची. आज गुरेदेखील होती. जावईबापू खुर्चीवर बसले होते, छत्री मांडीवर.

पहिल्या डावाचे वर्णन करवत नाही. शंकर चढाईला आला की आमची साखळी दारासारखी उघडायची. सत्यवानने एकदा त्याचा घोटा धरला. तो तोंडावर पडणार असे दिसताच सोडून दिला. बाबली तर पलीकडे जाऊन आजारी माणसाचा ताप बघावा तसा हात लावत होता. पकडला गेला की धडपड नाही. लाथ लागेल म्हणून अंग आखडून, दम सोडून उभा. सातही बाद होऊन आमच्यावर लोण चढला, मग दुसरा चढला. हेदवळच्या बायका आधी हसत होत्या. एक ओरडली, “काय रे, आज उपास धरलास काय?” नंतर त्यांचेही हसू थांबले. जावईबापू छत्री उचलून वाटेकडे बघू लागले.

काशीबाई आमच्या बायकांत पुढे बसली होती. ती खेळाकडे बघत नव्हती, त्या छत्रीकडे बघत होती.

डाव संपला तसा गंगाराम तरातरा माझ्याकडे आला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, “दाजी, आमका दान नको. तीन वर्षां तुमी हरलास, पण झगडून हरलास. आज आमच्या पोरांक जिंकाची लाज वाटता.”

मी गाऱ्हाण्याचे सांगितले.  देवाच्या शब्दापुढे तोही काय बोलणार?

तेवढ्यात सत्यवान आला. घामाने निथळत होता. मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले,

“बाबा, ह्यां तुमी मुद्दाम केलास काय?”

मी म्हटले, काय मुद्दाम?

तो मग म्हणाला, “बाबली गेलो तर लोक माका हसतले म्हणान?”

हा प्रश्न त्याने मला का विचारावा? मी देवाच्या भयाने बोललो. दुसरे कारण असते तर मला ठाऊक नसते काय? मी त्याला रागावणार होतो, पण राग आला नाही.  तो पुढे म्हणाला, “माका हसले तर हसांदेत. माका सवय झाली आसा.” आणि पाणी प्यायला गेला.

मी तिथेच उभा राहिलो. कोणीतरी मागून ‘दाजीनू’ म्हणाले. काशीबाई होती. चारचौघांत, दोन गावांसमोर ती माझ्याशी बोलायला आली होती, पदर आवळून. म्हणाली, शब्द सोडवा पोरांचा. मी म्हटले, नारळ वाढवून दिलेला शब्द मागे घेता येत नाही, काशीबाई.

“मागे घेव नकास. पुरो करा,” ती म्हणाली. “आमका तुझी लेकरां समज, ह्यां तुमीच म्हटलास. मगे आता लेकरां कोण? त्यांचीय आणि आमचीय. एका आवशीची पोरां खळ्यात खेळतत, तेव्हा ढोपरां फुटतत. आवस खंयच्या पोराक शाप देता?”

आई कुठल्या लेकराला शाप देते, हा प्रश्न जवळची माणसे ऐकत होती. धोंडूही ऐकत होता. ती वळली, पुन्हा थांबली.

“माझ्या झिलाचा सांगूक इसारलास. ता ऱ्हवांदे. पण जा सांगलास, ता तरी अर्ध्यार सोडू नकास.”

मी गंगारामकडे नारळ मागितला. त्याने पळत जाऊन आणला. मैदानाच्या मधल्या रेघेवर उभा राहिलो. आयुष्यात इतकी गाऱ्हाणी घातली. खेळाच्या रेघेवर एकही नाही. म्हटले, बा देवा म्हाराजा, परवा जा मागला ता तुझ्या पायाशी आसा. पण तीन दिस आमीय तुझीच लेकरां. लेकरांच्या खेळात जा लागात, खरचटात, ता खेळाचा धर, वैराचा धरू नको. आणि कोणीच कोणाक हातचा राखान खेळाक देव नको, म्हाराजा.

“व्हय म्हाराजा.”

दोन्ही अंगांनी आवाज आला. हेदवळही म्हणाला. असा आवाज मी ऐकला नव्हता. चरणारी गुरे माना वर करून बघू लागली.

दुसऱ्या डावाला शंकर पहिल्यांदा आला तेव्हा साखळी मिटली. कोणाचा हात कोणाच्या हातात होता ते मी नीट पाहिले. धोंडूचा हात खालच्या वाडीच्या पोराच्या मनगटावर होता आणि बोटे पांढरी पडली होती. शंकर आदळला, उठला, ढोपरावरची माती झटकली आणि हसला. मग मात्र माळावर कोणी खाली बसले नाही. सत्यवानने एका पकडीत पायाचा अंगठा मोडून घेतला. बाहेर ये म्हटले तर ऐकले नाही.

शेवटच्या चढाईला बाबली गेला. हेदवळच्या तिघांनी त्याला धरले, एक कमरेला, दोघे पायांना. तो मधल्या रेघेपासून बराच आत होता. पालथा पडला आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत कोपरांवर सरकू लागला. तिघांना ओढत होता. रापणीचा दोर ओढताना ही माणसे तोंडाने जो ताल धरतात, तो त्या शब्दांत मला ऐकू आला. खालची वाडी तोच ताल धरून ओरडू लागली, आणि थोड्या वेळाने वरचीही. मीही ओरडत होतो, हे गळा बसल्यावर कळले. त्याची बोटे रेघेवर पोहोचली तेव्हा दम तुटला नव्हता. तिघे बाद झाले.

शिटी झाली. आम्ही तरीही दोन गुणांनी हरलो. पहिल्या डावातले जे गेले होते, ते भरून आले नाही.

जावईबापू खुर्ची सोडून मैदानात आले. बाबली मातीत बसून धापा टाकत होता. त्यांनी विचारले, गिरणीत पहाटे उठून पाळीला जावे लागेल, जमेल का? बाबली म्हणाला, “रापणीक त्याच्या आदी उठतंय.” ते हसले आणि म्हणाले, आठवड्याच्या आत ये.

सत्यवानला दोघांनी खांद्यावर घेऊन आणले. एक धोंडू, दुसरा बाबली.

लिहून झाले तरी मन जागेवर नाही. सामना दोन गुणांनी गेला, ते दोन गुण माझ्या शब्दाचे. पण त्याहून सत्यवानचा तो प्रश्न. त्याला तसे का वाटावे, हे मला अजून कळत नाही.

सोमवार, ७ डिसेंबर

कौल मिळाला. परत आलो. घरे जशी सोडली तशीच होती. बायका सारवायला लागल्या. मी आधी शाळेमागे गेलो. आमच्या मैदानावर माणसाचे एक पाऊल नव्हते. कोल्ह्याची पावले मात्र मधली रेघ ओलांडून सरळ पलीकडे गेली होती. 

सत्यवानच्या अंगठ्याला हळदीचा लेप लावला. लावताना त्याला विचारले, मुंबईत काय झाले होते? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारले. तो म्हणाला, “आता कित्या, बाबा?” मी लेपावर चिंधी बांधली.

गुरुवार, १० डिसेंबर

आज बाबली गेला. मालवणच्या बंदरात बोट लांब उभी राहते, तिथवर पडावातून जावे लागते. दोन्ही वाड्यांची बरीच माणसे किनाऱ्यावर आली होती. सत्यवान लंगडत आला. आपली मुंबईची पत्र्याची पेटी त्याने बाबलीला दिली. दोघे वाळूत बराच वेळ बसले होते. सत्यवान सांगत होता, खोलीत खिडकीकडची जागा घेऊ नको, नळाला अमुक वेळी जा, पहिले काही दिवस सगळे हसतील, गप्प राहा, रडू आले तर खोलीजवळच्या देवळामागे जा, तिथे कोणी नसते. हे सगळे मी मागे उभा राहून ऐकले. त्याने मला यातले काहीच सांगितले नव्हते.

काशीबाईने गाऱ्हाण्यासाठी नारळ आणला होता. खालच्या वाडीत गाऱ्हाणे घालणारा त्यांचा माणूस आहे, तोही तिथेच होता. तरी नारळ तिने माझ्या हातात दिला.

समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. तोंडात पुष्कळ काही येत होते. ते सगळे आत ठेवले.

“बा देवा म्हाराजा, ह्यां तुझा लेकरू बाबली परमुलखाक जाता. तेच्या पाठीक उभो ऱ्हव.”

काशीबाई थांबून राहिली, अजून काही येते का ते बघत. काही येत नाही असे पाहून म्हणाली, “व्हय म्हाराजा.” मग सगळे म्हणाले. सत्यवानचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

पडाव लाटेवर चढला. बाबली पेटीवर बसला नाही, ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

परतताना सत्यवान माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होता, पायासाठी. वाटेत म्हणाला, “बाबा, आज गाऱ्हाणा बेगीन आटापलास.”

मी म्हटले, मागायचे तेवढेच होते.